उंबऱ्यावर थांबलेला धवला

जीवन चौलकरचा गाण्यांचा कार्यक्रम रेवदंड्याला आहे, हे अमिषाने मला फोनवर सांगितलं तेव्हा मी वालाच्या शेंगा सोलत होते. अमिषा ही माझ्या थोरल्या बहिणीची, मैनाबायची नात. तिचं लग्न मार्चात ठरलं आहे.

"आजी येणार म्हणते," अमिषा म्हणाली. "आणि तुम्हालाही यायचंय, केसरआजी. ती म्हणाली, केसर नसेल तर जाऊन उपयोग नाही. डबीत हळद कालवून नेणार आहे."

"हळद कशाला?"

"ते तुम्हीच विचारा. मला म्हणाली, तुला कळायचं नाही."

मला विचारायची गरज नव्हती. बाय काय करणार आहे, ते मला लगेच कळलं. ती ऐंशी वर्षांची आहे आणि गेली पंचेचाळीस वर्षं तिच्या मनाला एकच गोष्ट खाते आहे. ती गोष्ट खरी नाही, हे जिवंत माणसांत फक्त मला माहीत होतं.

आमचं गाव खारेपाटात, म्हणजे खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, धरमतरच्या खाडीलगत. वडील मिठागरावर होते, शिवाय खाडीच्या बांधाआड थोडी भातशेती होती. आई मी चार वर्षांची असताना गेली. मला वाढवलं बायने. ती माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी, आणि तिला त्याच गावात दिली होती, त्यामुळे मला दोन घरं होती.

बाय धवलारीण होती. आमच्याकडे लग्नात धवला म्हणतात, म्हणजे हळदीपासून वरात घरात शिरेपर्यंतच्या प्रत्येक विधीचं गाणं. धवलारीण पुढे म्हणते, बाकीच्या बाया मागे धरतात. धवलारणीने म्हटल्याशिवाय लग्न लागलं असं जुनी माणसं मानत नसत, मग भटजी येवो न येवो. आजूबाजूच्या दहा गावांतून बायला बोलावणं यायचं. तिचा आवाज जाडसर होता, पण पहाटे खाडीवरून पलीकडच्या गावात ऐकू जायचा.

आमच्या गावात धवल्याचे दोन नियम होते. पाटावर नवरी बसल्याशिवाय तो म्हणायचा नाही, आणि म्हणायला घेतला की अर्धा सोडायचा नाही.

एकोणीसशे एकोणऐंशीच्या भाद्रपदात जीवन चौलकर आमच्याकडे आला. सत्तावीस वर्षांचा, केस खांद्यापर्यंत, पाठीला गिटार आणि हातात कॅसेटचा रेकॉर्डर. मूळ चौलचा, वाढला गिरगावात. मुंबईत तो आणि त्याचे मित्र इंग्रजी गाणी वाजवायचे. एके दिवशी त्याला वाटलं, आपल्या आजीची गाणी ह्याच गिटारवर का वाजवू नयेत. म्हणून तो गावोगाव फिरून गाणी गोळा करत होता. आमच्या गावाने गिटार तेव्हाच पहिल्यांदा पाहिली. माझे वडील म्हणाले, "ह्या तुणतुण्याला तारा जास्त हायत."

बायने त्याला सरळ नाही म्हणून सांगितलं. भाद्रपदात कुठली नवरी आणायची? तो तीन दिवस ओटीवर बसून राहिला. भात खायचा, भांडी घासायचा, पोरांना गिटार वाजवून दाखवायचा. तिसऱ्या दिवशी बायलाच दया आली. "केसरला बसवू," ती म्हणाली. "ती हाय कुवारी. तिचं उद्या व्हायाचंच हाय."

मी एकवीस वर्षांची होते. माझं तळा गावाकडच्या एका मुलाशी बोलणं चाललं होतं, अंबाजी त्याचं नाव. मला हसू येत होतं, पण मी पाटावर बसले. बायने माझ्या गालाला आणि हातापायांना खरी हळद लावली, कारण खोटी लावून धवला म्हणणं तिच्याने होणार नव्हतं. नवरीचं नाव गाण्यात घ्यावं लागतं, ते तिने माझं घेतलं.

तो दिवस उधाणाचा होता. बायने निम्मा धवला म्हटला असेल. नवरी न्हाली, नेसली, आणि

*उंबऱ्यावर ठेवलाय पाय गो, केसर बायनं*

इथवर ती आली आणि बाहेरून आरडाओरडा झाला. बांधाला खांड पडली होती, भगदाड पडून खारं पाणी शेतात शिरत होतं. खांड पडली की आमच्याकडे कोणी कोणाची वाट पाहत नाही. सगळे धावले. मी हळदीच्या अंगाने धावले, जीवन चौलकर रेकॉर्डर तसाच टाकून धावला. आम्ही अंधार पडेपर्यंत ओळीने उभं राहून चिखलाचे गोळे पुढे देत होतो. घरी आले तेव्हा माझ्या अंगावर हळद नव्हती, चिखल होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या लाँचने तो गेला.

दोन महिन्यांनी अंबाजीच्या घरून निरोप आला. मुलीला एकदा हळद लागली आहे, धवला अर्धा राहिला आहे, अशी मुलगी आम्हाला नको.

तो निरोप ऐकून बाय जमिनीवर बसली, ती दुपारपर्यंत उठली नाही. त्या दिवसानंतर तिने धवला म्हटला नाही. लोक बोलवायला आले की ती म्हणायची, माझ्या तोंडाला दोष हाय. गावात माझं नाव 'उंबऱ्यावरची नवरी' पडलं. पुढे आणखी दोन स्थळं आली आणि गेली. मी डी.एड. केलं, शिक्षिका झाले, चौतीस वर्षं पहिली ते चौथीची मुलं शिकवली. आता अलिबागला राहते.

आता खरं काय ते लिहिते. लग्न मोडा, असं अंबाजीला मी स्वतः पत्र लिहून कळवलं होतं. मला शिकायचं होतं. वडिलांना सांगायची छाती नव्हती, म्हणून त्याला लिहिलं की काहीतरी कारण काढा, पण माझं नाव पुढे येऊ देऊ नका. तो भला माणूस होता. त्याने माझं नाव येऊ दिलं नाही. गावातून उडत आलेली हळदीची गोष्ट त्याच्या कानावर होती, तीच त्याने पुढे केली. ते कारण कोणाच्या डोक्यावर जाऊन बसेल, हे त्याला कसं कळणार?

मला कळलं होतं. मी गप्प बसले. आधी वडिलांच्या भीतीने, आणि मग त्या गप्प बसण्याचा मला फायदा व्हायला लागला म्हणून. माझ्या शिक्षणासाठी बाय वडिलांशी भांडली. "मीच तिचं वाटोलं केलंय, आता शिकू दे तिला," असं म्हणून. वडील आजारी पडले तेव्हा तिने एकटीने त्यांचं केलं, मला शाळा सोडून येऊ दिलं नाही. वडील गेल्यावर तरी सांगायला हवं होतं. पण तोवर तिने गाणं सोडून दहा वर्षं झाली होती. दहा वर्षं गप्प राहिलेल्या धवलारणीला जाऊन काय सांगायचं? पुढे अंबाजीही वारल्याचं कळलं. मग वीस वर्षं झाली, तीस झाली.

कार्यक्रम जानेवारीतल्या एका रविवारी होता, संध्याकाळी साडेपाचला, समुद्राजवळच्या पटांगणात. अमिषाने गाडी आणली. बाय पुढे बसली होती, नवं लुगडं नेसून, मांडीवर स्टीलची डबी.

"बाय, हे काय काढलंयस?" मी विचारलं.

"पुरा करायचा हाय," ती म्हणाली. "तो वाजवील, मी म्हनीन. तू बसायचं."

"सदुसष्टाव्या वर्षी?"

"मंग? नवरी म्हातारी झाली तं पाट मोडतो काय?"

अमिषा हसली. मीही हसल्यासारखं केलं. चौलच्या वाडीतल्या सुपाऱ्या दोन्ही बाजूंनी मागे जात होत्या आणि मी मनात म्हणत होते, आता सांग, आता सांग. रेवदंडा आलं तरी मी सांगितलं नव्हतं.

अमिषाने आधीच कोणाला तरी निरोप पाठवला होता, त्यामुळे आम्हाला स्टेजच्या मागे नेलं. तिथे प्लास्टिकच्या खुर्चीत जीवन चौलकर बसला होता. मी त्याला टीव्हीवर पाहिलं होतं, तरी दचकले. केस विरळ, पांढरे, पण अजून खांद्यापर्यंत. डावा गुडघा ताठ. चहाचा कप दोन्ही हातांनी धरलेला, कारण उजवा हात थरथरत होता. मला वाटलं, हा आता काय वाजवणार.

बायला पाहून तो उठायला लागला. तिने त्याला खांद्याला धरून बसवलं.

"मैनाबाय," तो म्हणाला. "तुमच्या ओटीवरची तीन दिवसांची भांडी मी विसरलेलो नाही."

"नीट घासली नव्हतीस. मी परत घासली."

तो खूप वेळ हसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आणि ह्या केसरताई. तुमचं नाव मी किती हजार वेळा घेतलं असेल." त्यात काही टोचणारं नव्हतं. त्याला आमच्या घरात पुढे काय झालं ते कधी कोणी सांगितलंच नव्हतं. त्याने त्या अर्ध्या धवल्याभोवती गिटार आणि ढोलकी लावून रेकॉर्ड काढली, 'उंबरा' नावाची. ती रेडिओवर गाजली आणि आमच्या शाळेत हेडमास्तरांनी ती सगळ्या वर्गांना ऐकवली. कव्हरवर बायचं नाव बारीक अक्षरात होतं, पण होतं.

बायने त्याला सगळं सांगितलं. माझं लग्न मोडलं, दोष तिच्या तोंडाला, आज धवला पुरा करायचा आहे, सगळ्यांच्या समोर करायचा आहे, म्हणजे ज्यांनी ज्यांनी ते गाणं ऐकलं त्यांना कळेल. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला.

"मला हे माहीत असतं तर मी ते गाणं गायलो नसतो," तो म्हणाला.

"गायलास ते चांगलं केलंस. अर्धं गायलास, ते वाईट." तिने डबी उघडून त्याला हळद दाखवली. "मना हाक मार. मी येते वर."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी साडीचा पदर नीट केला.

आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. मागे दोनेक हजार माणसं असतील, निम्मी अमिषाच्या वयाची. उन्हं उतरली होती, सुरूच्या झाडांमधून समुद्र चमकत होता, आणि कुठेतरी सुकत घातलेल्या बोंबलांचा वास येत होता. मी आयुष्यात असा कार्यक्रम पाहिला नव्हता. गाण्याला लोक उभे का राहतात, ते मला समजेना.

तो काठी टेकत आला. उंच स्टुलावर बसला, गिटार मांडीवर घेतली, आणि दोनदा तार लावताना चुकला. मागची मुलं गप्प झाली. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याची फजिती पाहायला आपण आलो की काय. मग त्याने पहिलं गाणं सुरू केलं. कप धरताना थरथरणारा हात तारांवर थरथरत नव्हता. आवाज मात्र पूर्वीचा नव्हता. वरचे सूर तो घेतच नव्हता, तिथे तो थांबायचा आणि लोक ते म्हणायचे. इतकी सगळी माणसं, आणि प्रत्येकाला माहीत होतं कुठे त्याला हात द्यायचा. वल्हवणाऱ्यांचं गाणं त्याने घेतलं, मिठागरातल्या बायांचं घेतलं. मागे ड्रम आणि मोठी गिटार इतक्या जोरात की माझ्या खुर्चीला कंप सुटला, पण त्यातूनही माझ्या वडिलांच्या फावड्याची चाल मला ओळखू येत होती. मीठ ओढताना ते तसंच ओढायचे. एक लांब, दोन आखूड. भाद्रपदात मिठागर बंद असतं, मग हे त्या पोराला तीन दिवसांत वडिलांनी ओटीवरच करून दाखवलं होतं की काय?

तासाभराने त्याने हात वर केला. सगळी वाद्यं थांबली.

"आता तुम्हाला पाहिजे ते," तो म्हणाला. "पण आज आधी मूळ आवाज ऐका."

आणि स्पीकरमधून बायचा आवाज आला. चौतिसाव्या वर्षीचा. मागे आमच्या ओटीवरची कोंबडी, कोणीतरी खोकलं, बहुतेक वडील. *केसर बायची हलद गो, मांडवी आली.* तो आवाज मी पंचेचाळीस वर्षांत एवढा मोठा ऐकला नव्हता. तो पटांगणावरून समुद्राकडे गेला. बाजूला बसलेल्या बायने तोंडावर पदर धरला होता. ती रडत नव्हती, ऐकत होती, एखाद्या परक्या धवलारणीला ऐकावं तशी, चुका शोधत. "चांगलं म्हनते," ती स्वतःशी म्हणाली.

तेव्हा मला कळलं, मी काय केलं आहे. माझं लग्न झालं नाही याचं मला कधीच काही वाटलं नव्हतं. पण हा आवाज मी बंद केला होता.

टेप उंबऱ्यापाशी आली आणि तुटली, आणि तिथून गिटार, ड्रम सगळं एकदम सुरू झालं. लोक उभे राहिले. आता तो तिला बोलावणार होता. मी तिच्या कानाशी वाकले.

"बाय, लग्न मीच मोडलं होतं."

तिला एका कानाने कमी ऐकू येतं, आणि समोर ड्रम. "काय?"

"अंबाजीला मी पत्र लिहिलं होतं. मला शिकायचं होतं. हळदीचं कारण त्याने नंतर काढलं. तुझा काही दोष नव्हता."

"मोठ्यानं बोल."

मी मोठ्याने बोलले. सगळं पहिल्यापासून. बाजूच्या चार जणांनी मान वळवली. अमिषाने मोबाइल खाली घेतला. बाय माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं. ती हिशेब लागत नसल्यासारखी कपाळाला आठ्या घालून बसली होती.

"वडील गेले तेव्हा का न्हाय सांगितलंस?"

"धीर झाला नाही."

"आनि मंग?"

तेवढ्यात गाणं थांबलं, आणि माइकवरून जीवन म्हणाला, "हा आवाज ज्यांचा आहे, त्या मैनाबाय आज इथे आहेत."

टाळ्या थांबेनात. बाय उठली. अमिषाने तिला हात दिला. मीही उठायला लागले, कारण पाटावर मला बसायचं होतं. बायने मागे न पाहता हाताने मला बसवलं. "तू बस थितंच."

दोघी वर गेल्या. लहानखुरी बाय त्या माइकसमोर उभी राहिली, कोणीतरी माइक खाली केला. ती आता माझं नाव घेऊन सगळं सांगणार, अशी माझी खात्री झाली. सांगितलं असतं तरी माझी हरकत नव्हती. तिने घसा साफ केला.

"हे जे तुम्ही नाचताव ना," ती म्हणाली, "ते अर्धं हाय. मी आज पुरं कराया आल्ते. पन त्या नवरीला जायाचंच नव्हतं."

लोक हसले. त्यांना वाटलं, म्हातारी गंमत करते आहे.

"मंग तो धवला तिथंच राहू दे. ही माजी नात. हिचं दोन महिन्यांनी हाय. हिला बसवते."

अमिषा लाजून मागे सरकायला लागली. जीवन स्टुलावरून उतरला, काठी घेतली, आणि स्टूल तिच्यासाठी पुढे केलं. बायने डबी उघडून जीन्स घातलेल्या अमिषाच्या गालाला हळद लावली, आणि उंबऱ्यापुढची ओळ घेतली नाही. ती अगदी पहिल्यापासून, देवांना आमंत्रण देण्यापासून सुरू झाली.

आवाज फाटला. पहिल्या दोन ओळी नुसता वारा आला. तिसरीला काहीतरी धरलं गेलं, आणि मग तो जाडसर आवाज हळूहळू वर यायला लागला, गंजलेला, जागोजागी तुटणारा. जीवनने गिटार हातात घेतली, दोन-तीनदा तार छेडून पाहिली, आणि सोडून दिली. इतका तुटणारा आवाज गिटारच्या तालात बसत नव्हता. तो काठीवर हनुवटी ठेवून तिच्या पायांशी बसला.

धवला अर्धा सोडायचा नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आयोजकांपैकी एक जण पायऱ्यांपाशी येऊन घड्याळ दाखवायला लागला, त्याला जीवननेच हाताने परत पाठवलं. काही पोरं उठून वडापाव खायला गेली आणि परत आली, तरी बाय गाण्यात नवरीला न्हाऊ घालत होती. मागे धरायला कोणी नव्हतं. मग डावीकडून दोन बायांनी धरलं, अलिबागच्या की पेणच्या कोण जाणे, साठीच्या असतील. मागून आणखी चौघींनी. मला सूर नाही, लहानपणापासून नाही, शाळेतही प्रार्थना मी दुसऱ्या बाईंना सांगायला लावायचे. तरी मी धरलं. बायने अमिषाला उंबरा ओलांडून आत नेलं तेव्हा पंचवीस मिनिटं झाली होती.

परतताना बाय पुढच्या सीटवर बसली, डबी मांडीवर. अमिषा मधूनच आरशात माझ्याकडे पाहत होती. चौल मागे पडल्यावर बाय समोर बघतच म्हणाली, "पत्रात काय लिवलं होतंस?"

मी आठवेल तेवढं सांगितलं.

"परत सांग."

मी परत सांगितलं. तिला वाचता येत नाही, तिला पत्र म्हणजे सगळं तोंडपाठ हवं असतं.

"तवा मना सांगितलं असतंस," ती म्हणाली, "तं शाई मी आनून दिली असती."

त्यानंतर पंधरा दिवस ती माझ्या फोनवर आली नाही. अमिषा उचलायची आणि म्हणायची, आजी झोपली आहे, आणि मागे मला तिचा आवाज ऐकू यायचा. शेजारच्या दोन सुनांना ती धवला शिकवत होती आणि त्यांच्यावर ओरडत होती. सोळाव्या दिवशी अमिषानेच फोन केला. हळदीला मागे धरायला बाया कमी पडतात, आजीने आठ दिवस आधी यायला सांगितलं आहे.

"स्वतः का नाही बोलली?" मी विचारलं.

"बोलते म्हणाली. तुम्ही आल्यावर. पुष्कळ बोलायचं आहे म्हणाली."

मी बॅग भरली आहे.